फ्लॉवरवर काळे ठिपके पडतात, भाजीचा लगदा होतो: आधी पाण्याचा हिशोब बघा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही दोघं नवरा-बायको वाळूजला नोकरीला. रविवारच्या बाजारातून आठवड्याचं माळवं आणता. घरी आल्या आल्या फ्लॉवरचे तुरे काढून, स्वच्छ धुऊन, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवता. बुधवारी डबा उघडला की काळे ठिपके आणि कुबट वास. त्यातल्या बऱ्या तुऱ्यांची भाजी केली तर एक दिवस आतून कचकचीत, दुसऱ्या दिवशी लगदा, आणि रंग पिवळट. त्यात सासूबाईंनी सांगितलं की फ्लॉवरमधली अळी मेंदूत जाते, म्हणून आता तास-तास मिठाच्या पाण्यात भिजवणं चालू आहे. ठेवायचा कसा, धुवायचा कधी आणि शिजवायचा किती, हे तुम्ही विचारलंय.

मी लातूरला शिकवणीच्या पोरांची मेस चालवते, 26 वर्षं झाली. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा फ्लॉवर असतो, एका वेळी पंधरा-वीस किलो. त्यामुळे तुमच्या एका गड्ड्याचं जे होतं ते माझ्याकडे पोत्याने होऊन गेलंय. पहिल्या वर्षी सकाळची घाई नको म्हणून मी रात्रीच सगळे तुरे काढून, धुऊन, मोठ्या पातेल्यात झाकून ठेवले होते. फ्रिज नव्हता. सकाळी झाकण काढलं तर पातेल्याला घाम आलेला, तुरे निसरडे, आणि वास असा की अर्धा माल टाकावा लागला. पोरांना त्या दिवशी पिठलं खाऊ घातलं.

तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात, मला त्यात एकच दिसते. पाणी नको तिथे लागतंय आणि हवं तिथे मोजून पडत नाही. काळे ठिपके पाण्यामुळे, लगदा पाण्यामुळे, पिवळटपणा आणि कचकच यांतही पाण्याचा हात. म्हणून मी सगळं त्याच धाग्याने सांगते.

फ्लॉवर म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा गच्च गठ्ठा. त्याच्या आतच शंभरातले नव्वदच्या वर भाग पाणी असतं, त्याला बाहेरून आणखी पाणी नको असतं. पण वरचा भाग असा खडबडीत की एकदा ओला झाला की कळ्या-कळ्यांच्या फटीत थेंब अडकून बसतात, कोबीसारखे निथळून जात नाहीत. त्या ओलीवर बुरशी धरते, तेच तुमचे काळे ठिपके. तुम्ही फ्लॉवर धुऊन बंद डब्यात ठेवता म्हणजे बुरशीला ओल आणि निवारा दोन्ही हातात देता. त्यातून तो चिरलेला. चिरलेल्या प्रत्येक जागेतून त्याचं स्वतःचं पाणी बाहेर येतं ते वेगळंच.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच मान्य करते. तुमचा फ्रिज किती गार राहतो, दिवसातून किती वेळा वीज जाते, महिना कोणता, आणि घरात पाणी नळाचं आहे की बोअरचं, यावर माझे दिवस आणि मिनिटं मागेपुढे होतील. मी आकडे माझ्या स्वयंपाकघरातले देते, तुम्ही ते तुमच्या घरी तपासून घ्या.

सुरुवात बाजारापासूनच करा. आपल्याकडे फ्लॉवर खरा हिवाळ्याचा. दिवाळीनंतर चांगला यायला लागतो आणि माघ संपेपर्यंत जोरात असतो. गड्डा नीट गच्च भरायला त्याला गारवा लागतो. उष्णता वाढली की कळ्या सुटतात, वरून रव्यासारखा, तांदळाचे दाणे उभे राहिल्यासारखा दिसतो. असा फ्लॉवर खायला वाईट नसतो, पण तो तव्यावर भुगा होतो आणि ठेवला तर दोन दिवसही धड राहत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्या मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा बाजारात दिसणारा फ्लॉवर बहुतेक लांबून आलेला, महाग आणि दमलेला असतो. मी त्या दोन महिन्यांत घेतच नाही. गवार, दोडका, मटकी आहेत की.

घेताना लोक नुसता पांढरेपणा बघतात. मी गड्डा उलटा करते आणि देठ बघते. कापलेला देठ ओलसर, पांढरा-हिरवट असेल तर माल ताजा. तपकिरी, सुकून आत ओढलेला असेल तर दोन-तीन दिवसांचा. मग पाला. हिरवा, मोडला की कट्‌ असा आवाज करणारा पाला म्हणजे फ्लॉवरचा जन्मदाखला. विक्रेत्याने सगळा पाला काढून नुसता गोळा मांडला असेल तर मी सावध होते. वरचा भाग कुठे सपाट, खरवडल्यासारखा दिसतोय का तेही बघा. ठिपके पडले की सुरीने वरवर तासून टाकायची पद्धत आहे. तासलेल्या जागी कळ्यांचा खडबडीतपणा जातो, ते बोट फिरवलं की कळतं. किंचित पिवळसर झाक ऊन लागल्याने येते, जांभळट झाक थंडीने येते. दोन्हींत काही बिघाड नाही, उलट असा गड्डा बऱ्याचदा स्वस्तात मिळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाजारात मालावर सारखं पाणी मारतात. दुपारच्या उन्हात मारावंच लागतं, त्यांचाही नाइलाज असतो. पण त्यामुळे तुमचा गड्डा घरी येतो तो ओलाच. तो तसाच पिशवीतून फ्रिजमध्ये गेला तर तुम्ही धुतला काय आणि नाही काय, सारखंच. म्हणून घरी आल्यावर पहिलं काम, गड्डा जोरात झटकायचा, उलटा करून म्हणजे देठ वर करून फडक्यावर ठेवायचा, आणि पंख्याखाली अर्धा तास तसाच सोडायचा. तोवर बाकीचं माळवं लावून होतं.

कोरडा झाल्यावर बाहेरची मोठी पानं काढा, पण आतली चिकटलेली तीन-चार पानं राहू द्या. त्यांनी कळ्या झाकलेल्या राहतात. मग सुती कापडात सैल गुंडाळा. जुनं धोतर किंवा ओढणीचा तुकडा उत्तम. वर्तमानपत्र नको, छपाईची शाई अन्नाला लागते आणि खाद्यसुरक्षा प्राधिकरणानेही अन्न वर्तमानपत्रात गुंडाळू नका म्हणून बजावलेलं आहे. कापडात गुंडाळलेला गड्डा दोन-चार भोकं पाडलेल्या पिशवीत घाला आणि भाजीच्या कप्प्यात देठ वर, फूल खाली असा ठेवा. पिशवीत वाफ धरली तरी थेंब कळ्यांवर बसत नाही, कापड पिऊन घेतं. दोन दिवसांनी हात लावून बघा, कापड ओलं लागलं तर बदला. असा अख्खा गड्डा माझ्याकडे आठवडाभर बिनघोर राहतो, माल पहाटेचा असेल तर नऊ-दहा दिवसही. शीतगृहात शून्य अंशाला तो तीन-चार आठवडे टिकतो, पण घरचा फ्रिज चार-पाच अंशांच्या खाली सहसा जात नाही, त्यामुळे तेवढी अपेक्षा ठेवू नका.

त्याच कप्प्यात पिकलेले टोमॅटो, सफरचंद, पपई असतील तर ते बाहेर काढा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो. त्याने फ्लॉवरचा पाला पिवळा पडून गळतो आणि गड्डा लवकर म्हातारा होतो. केळ्याच्या फणीशेजारी ठेवलेला फ्लॉवर आणि वेगळा ठेवलेला फ्लॉवर, दोन्ही एकाच दिवशी आणून बघा. तिसऱ्या दिवशी फरक डोळ्यांनी दिसेल.

फ्रिज नसेल किंवा वीज दिवस-दिवस जात असेल तर पाला आणि देठ अजिबात तोडू नका. देठाला ओलं फडकं गुंडाळा, फूल मात्र कोरडं ठेवा, आणि माठाच्या बाजूला टोपलीत ठेवा. थंडीच्या दिवसांत दोन-तीन दिवस सहज निघतात. गावाकडे जागा असेल तर विटांच्या दोन भिंती उभारून मधे वाळू भरतात आणि वाळू ओली ठेवतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ही विजेविना चालणारी शीतपेटी तयार केली. आपल्या कोरड्या हवेत ती छान काम करते, कारण हवा जितकी कोरडी तितकं पाणी लवकर उडतं आणि आत गार होतं.

तुम्ही म्हणाल, आम्हाला सकाळी वेळ नसतो, म्हणून तर रविवारीच चिरून ठेवतो. ते समजतं मला. मग चिरा, पण धुऊ नका. कोरड्या सुरीने तुरे काढा, डब्याच्या तळाला कोरडं कापड घाला, त्यावर तुरे सैल मांडा, वर पुन्हा कापड, झाकण किंचित तिरकं. हे तीन दिवस, फार तर चार दिवस. आठवड्याच्या शेवटी लागणारा गड्डा अख्खाच ठेवा.

ठिपके पडलेच तर काय? चिरलेल्या कडेला फिकट तपकिरी रंग आला असेल तर तो हवेने आलेला आहे, वांग्याच्या फोडीला येतो तसाच, बेलाशक खा. दोन-चार कोरडे काळे ठिपके असतील आणि वास चांगला असेल तर त्या जागेचा भाग सढळ हाताने कापून टाका आणि बाकीचा त्याच दिवशी संपवा. बोटाला निसरडं लागलं, किंवा आंबूस-कुजका वास आला, तर सगळा टाका. तिथे काटकसर करू नका. माझ्याकडे सव्वाशे पोरं जेवतात, एकाचं पोट बिघडलं तर त्याची परीक्षा जाते. मी या बाबतीत फार कडक आहे.

आता अळी. सासूबाईंची भीती खोटी नाही, पण दोन वेगळ्या गोष्टी तिच्यात मिसळल्यात. तुऱ्यांत सापडणारी हिरवी बारीक अळी ही एका छोट्या पतंगाची असते, शेतकरी त्याला चौकोनी ठिपक्यांचा पतंग म्हणतात. ती पानं खाऊन जगते, माणसाच्या पोटात जगू शकत नाही, मेंदूत जाण्याचा तर प्रश्नच नाही. चुकून शिजली तरी किळस येईल, आजार नाही. मेंदूत जाऊन फिट आणणारा जंत वेगळा. तो डुकरातला पट्टकृमी. ज्या माणसाच्या पोटात तो जंत असतो त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, आणि मैल्याच्या पाण्यातून किंवा मातीतून ती कुठल्याही भाजीला चिकटू शकतात. कोथिंबीर, कोबी, गाजर, काहीही. ती अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, आणि घरच्या मिठाच्या पाण्याने ती मरतील या भरवशावर राहू नका. त्यावर उपाय तीन आहेत. वाहत्या पाण्याखाली चोळून धुणं, पूर्ण शिजवणं आणि स्वयंपाकाआधी हात साबणाने धुणं. म्हणून मी फ्लॉवर कच्चा देत नाही, कोशिंबिरीतही नाही. सासूबाईंना हे असं उलगडून सांगा, त्यांना पटेल. त्यांचा जीव तुमच्यासाठीच तुटतो.

मिठाचं पाणी कशासाठी, तर अळी आणि मावा बाहेर काढण्यासाठी. त्याला तास लागत नाही. अख्खा गड्डा बुडवून काही होत नाही, आतल्या फटीत पाणी पोचतच नाही. आधी तुरे काढा, दांड्याला उभी चीर द्या. लिटरभर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घालून तुरे फूल खाली, दांडा वर असे बुडवा. दहा मिनिटं पुरे. अळ्या सुटून तळाला जातात किंवा वर तरंगतात. मग तुरे हाताने उचलून काढा. पातेलं चाळणीत उपडं करू नका, नाहीतर खाली बसलेलं सगळं पुन्हा तुऱ्यांवरच पडतं. त्यानंतर वाहत्या पाण्याखाली धुवा. पाण्यात हळद टाकायची आमच्या आईचीही पद्धत होती, मीही टाकते, पण तिच्यावर विसंबून धुणं कमी करू नका. या पिकावर फवारण्या बऱ्याच होतात. वाहत्या पाण्याने वरवरचा अंश कमी होतो, सगळा जात नाही, हेही खरं आहे.

तास-तास भिजवल्याने उलट नुकसान होतं. तुरे पाणी पिऊन फुगतात, मीठ आत शिरतं आणि सी जीवनसत्त्व पाण्यात उतरून मोरीत जातं. तुमच्या लगद्याचं निम्मं कारण मला इथेच दिसतं.

पाणी कमी असेल तरी हे जमतं. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, तेव्हा आम्ही भाजी धुवायला घागर मोजून घ्यायचो. नळ सोडून धुणं शक्यच नव्हतं. मग दोन पातेली केली. पहिल्यात मीठ, दुसऱ्यात साधं पाणी, आणि शेवटी तांब्याने वरून एक धार. दुसऱ्या पातेल्याचं पाणी पुढच्या खेपेला पहिल्यात वापरायचं. ती सवय मी अजून सोडलेली नाही.

धुतल्यावर पुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि भाजी तिथेच बिघडते. तुरे रोळीत निथळू द्या, मग फडक्यावर पसरून वीस मिनिटं वारा लागू द्या. ओला तुरा तापल्या तेलात गेला की तेलाची सगळी आच पाणी उडवण्यात जाते, भाजी परतली जात नाही, वाफवली जाते. वाफवता वाफवता वरची कळी मऊ पडते आणि दांडा तसाच राहतो. तुमची 'बाहेरून लगदा आतून कचकच' ती हीच.

चिरण्याबद्दल एकच सांगते. तुरा नेहमी दांड्याच्या बाजूने चिरा, फुलावरून सुरी चालवू नका. दांडा चिरून दोन्ही हातांनी फाकवला की फूल आपोआप दोन भागांत सुटतं, भुगा पडत नाही. आणि सगळे तुरे एका मापाचे करा, सुपारीपेक्षा मोठे, लिंबापेक्षा लहान.

कोरडी भाजी मी अशी करते. पाऊण किलोचा गड्डा, तीन-चार माणसांना. जाड बुडाची स्टीलची कढई. लोखंडी कढई मला फार आवडते, पण फ्लॉवर तिच्यात काळपट पडतो, टोमॅटो किंवा लिंबू घातलं तर जास्तच. तेल चांगलं तापवून मोहरी, जिरं, हिंग. लगेच कोरडे तुरे, आच मोठी, आणि तीन मिनिटं हात बांधून उभं राहायचं. हलवायचं नाही, झाकायचं नाही. खालची बाजू बदामी झाली की एकदाच उलटायचं. मग हळद, लाल तिखट, ठेचलेलं लसूण. आता आच बारीक करून वर ताटली ठेवायची आणि ताटलीत पाणी. आत थेंबभरही पाणी घालायचं नाही. ताटलीतल्या पाण्यामुळे वरची वाफ थंड होऊन परत खाली पडते, तेवढ्यावर दांडा शिजतो. पाच मिनिटांनी सुरीचं टोक दांड्यात घालून बघा. लोण्यात गेल्यासारखं गेलं तर उशीर झाला, किंचित अडकून गेलं तर बरोबर. मीठ या वेळी घाला, आधी नाही, कारण मीठ पडलं की तुरा पाणी सोडतो आणि बदामी रंग येतच नाही. शेवटी शेंगदाण्याचा जाडसर कूट, झाकण काढून दोन मिनिटं, कोथिंबीर. ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा.

वेळ का जपायचा याचं आणखी एक कारण वास आहे. फ्लॉवर, कोबी, मोहरी, मुळा ही एकाच कुळातली मंडळी. यांच्यात गंधकाची द्रव्यं असतात. थोडा वेळ शिजवलं तर गोडसर सुवास येतो, रटरट शिजवत ठेवलं तर त्यातून गंधकाचे वायू सुटतात आणि घरभर कुबट वास पसरतो. कुकरमध्ये शिट्टी काढली तर वास कोंडतो आणि तुराही मोडतो. कुकर फ्लॉवरसाठी नाहीच, पावभाजीत घोटायचा असेल तेवढाच अपवाद.

आता तुमचा पिवळेपणा. तुम्ही लिहिलंय की घरात वापरायला बोअर आणि प्यायला जार. मला वाटतं उत्तर तिथे आहे. आपल्या बोअरचं पाणी जड असतं, बादलीवर पांढरा थर धरतो ते बघितलंच असेल. असं पाणी उकळल्यावर क्षारयुक्त होतं, आणि फ्लॉवरमधली पांढरी रंगद्रव्यं क्षारात पिवळी पडतात. शिवाय त्यातलं कॅल्शियम भाजीच्या पेशींना घट्ट धरतं, डाळ बोअरच्या पाण्यात शिजत नाही ती याच कारणाने. तुरे पाण्यात उकळायचेच असतील तर जारचं पाणी घ्या, किंवा बोअरच्या पाण्यात लिंबाचे चार-पाच थेंब पिळा, रंग पांढरा राहतो. जास्त पिळू नका, आंबट पदार्थ भाजी शिजू देत नाहीत. म्हणूनच टोमॅटो आणि चिंच तुरा शिजल्यावरच घालायची. कुणी खायचा सोडा घालायला सांगेल, तो घालू नका. त्याने लवकर मऊ होतं खरं, पण पिवळंधमक आणि गिच्च होतं, आणि जीवनसत्त्वं जातात.

रस्सा करायचा असेल तर आपल्या मराठवाड्याची खरी मजा येसरात आहे. धान्य-डाळी आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ. प्रत्येक घराचं वेगळं, त्यामुळे माप सांगत नाही, तुमच्या घरी आमटीला जेवढं लागतं तेवढं. कांदा-खोबरं भाजून वाटायचं, तेलात काळ्या मसाल्यासोबत परतायचं, गार पाण्यात कालवलेलं येसर घालून रस्सा आधी खळखळून उकळू द्यायचा. तुरे बाजूला कढईत डाग पडेपर्यंत परतून ठेवायचे आणि रस्सा पूर्ण तयार झाल्यावर शेवटची सहा-सात मिनिटंच आत सोडायचे. गॅस बंद करताना तुरा थोडा कच्चटच असू द्या, गरम रस्स्यात तो पुढेही शिजत राहतो. मेसमध्ये पहिल्या आणि शेवटच्या पंगतीत दोन तासांचं अंतर असतं. म्हणून मी तुरे वेगळे ठेवते आणि पंगतीपंगतीला रस्स्यात सोडते. तुम्ही सकाळी करून डबा नेत असाल तर हेच लक्षात ठेवा, घरी बरोबर शिजलेला तुरा डब्यात दुपारपर्यंत जास्त शिजलेला होतो.

पराठ्याचं सारण ओलं होऊन फुटतं अशी तक्रार दुसऱ्या एका वाचकांनी केली आहे. किसलेल्या फ्लॉवरला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, मुठीत घट्ट पिळा आणि ते पिळलेलं पाणी कणीक भिजवायला घ्या. धपाट्यांत मात्र पिळायची गरज नाही. ज्वारीच्या पिठात, तीळ-ओवा घालून, किसाच्या ओलीवरच पीठ मळलं जातं, वर पाणी जवळपास लागत नाही. ओवा आणि हिंग नुसत्या चवीसाठी नाहीत. फ्लॉवरमध्ये एक साखर असते जी आपल्या लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात जंतू तिच्यावर वाढतात आणि गुबारा धरतो. ज्यांना त्रास होतो त्यांनी रात्रीऐवजी दुपारी आणि थोडा खावा.

पाला आणि दांडा टाकत असाल तर थांबा. किलोभर फ्लॉवर आणला की तुरे निम्म्याच्या आसपास निघतात, बाकीच्याचेही पैसे तुम्ही दिलेले असतात. दांड्याची जाड साल सोलली की आतला गर नवलकोलासारखा गोड निघतो. त्याच्या चकत्या तुऱ्यांच्या पाच मिनिटं आधी तेलात टाका. कोवळी आतली पानं बारीक चिरून लसणावर परता, वर भिजवलेली मूगडाळ. पाल्यात कॅल्शियम फुलापेक्षा कितीतरी जास्त असतं. बाहेरची निब्बर पानं फवारा खाल्लेली असतात, ती गुराला घालायचीही घाई करू नका.

फ्रिजरबद्दल विचारलंत म्हणून सांगते. स्वस्ताईच्या दिवसांत चार गड्डे घेतले तर तुरे उकळत्या पाण्यात बरोबर तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग कापडावर पूर्ण कोरडे, आणि मग एकेक सुटा ताटात गोठवून पिशवीत. तो रस्स्यात आणि पावभाजीत चालतो, कोरड्या भाजीत नाही. रोज चार-चार तास वीज जात असेल तर हा खटाटोप करू नका. वितळून पुन्हा गोठलेला फ्लॉवर नुसतं पाणी सोडतो.

तुमच्यासाठी रविवारचा क्रम असा लावून देते. दोन लहान गड्डे घ्या, एक मोठा नको. दोन्ही झटकून उलटे वाळवा. एकाचे तुरे काढून न धुता कापड घातलेल्या डब्यात, तो सोमवारी आणि बुधवारी. दुसरा पाल्यासकट कापडात गुंडाळून, तो शुक्रवारी. धुणं त्या-त्या दिवशी, भाजीच्या अर्धा तास आधी. तुरे मिठाच्या पाण्यात टाकून कणीक मळायला घ्या, काढून पसरून ठेवले की चहा घ्या, तोवर वारा लागलेला असतो.

आणि पाण्याची शंका तुम्ही स्वतःच फेडू शकता. दोन लहान पातेली घ्या, एकात बोअरचं पाणी, एकात जारचं. दोन्हींत एकाच मापाचा एक-एक तुरा, पाच मिनिटं उकळा, शेजारी-शेजारी ताटलीत काढा. रंग बघा, सुरीचं टोक घालून बघा. दोन्ही सारखे निघाले तर मी पाण्याबद्दल म्हणते ते तुमच्या घरी लागू नाही, मग मला तुमच्या कढईचं आणि आचेचं नीट सांगा, आपण तिकडे शोधू.